मधल्या नदीला उतार

"पहिल्या गणितात बाप चाळीसचा, लेक दहाची," सगरे सर माझी गृहपाठाची वही नाकासमोर धरून मोठ्यानं वाचत होते. "दुसऱ्यात आई चाळीसची, मुलगा दहाचा. आणि तिसऱ्यात, ऐका रे सगळे, कोंबड्या चाळीस आणि बकऱ्या दहा!"

दहावीचा वर्ग असा हसला, की पत्र्यावर बसलेली कबुतरं फडफडून उडाली.

"भामा गरुड, उभी राहा. तुमच्या घरी सगळं चाळीस आणि दहाच असतं का गं?"

मी उभी राहिले.

"पुस्तकात पन्नास जनावरांचे मिळून एकशेचाळीस पाय दिलेत. तुझ्या कोंबड्या-बकऱ्यांचे होतात एकशेवीस. उरलेले वीस पाय कुठं गेले? बापानं गोंधळात देवीला वाहिले?"

पुन्हा हसू. मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात 'उदो, उदो' केलं.

"सर, बिडवई सरांनी सांगितलं तसंच मी..."

हसू जागच्या जागी थांबलं. सगरे सरांनी वही टेबलावर ठेवली. त्यांचा आवाजही खाली आला.

"बिडवई सरांनी मला शिकवलंय. या गावात ज्याला म्हणून हिशोब येतो, तो त्यांच्यामुळं येतो. आपली चूक त्यांच्या पदरात टाकू नये, पोरी. बस खाली."

मी बसले. चूक माझी नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. फळ्यावरचं अक्षर न् अक्षर मी उतरवून घेतलं होतं. पण तीच तर भीती होती. चूक माझी असती तर सोपं होतं.

माझं सगळं त्या एका विषयावर टांगलेलं होतं. मामानं आपल्या मुलासाठी मला मागितलं होतं. आई राजी होती. बापानं मात्र मधला रस्ता काढला होता. "धाव्वीत गणित सुटलं तर पोरगी पुढं शिकंल. न्हाई सुटलं, तर तुळशीचं लगीन झालं की हिच्या अक्षता." मामानं हसत मान्य केलं होतं. गोंधळ्याच्या पोरीला गणित कुठलं सुटायला!

आमचं घर गोंधळ्याचं. चुलते नाईक, म्हणजे पुढं उभं राहून गाणारे. बाप त्यांचा झीलकरी, म्हणजे मागं तुणतुणं घेऊन धृपद उचलून धरणारा. चुलत्यांनी देवीचं आख्यान कितीही लांब न्यावं, दऱ्या-डोंगर हिंडवावं; प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाप तीच एक ओळ घेऊन त्यांना घरी आणायचा. मी नववीत गेले त्या सुमाराला चुलते वारले आणि बापानं तुणतुणं खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. नाईकावाचून झीलकरी म्हणजे झाडावाचून सावली. तालमीच्या मागं सायकलींची पंक्चरं काढत तो बसायचा. गाणं सोडाच, गुणगुणणंही सोडलं होतं त्यानं.

तिथंच एक दिवस मथुराकाकू आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बिडवई सरांच्या पत्नी. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात रिकामी पिशवी.

"तुमची भामा गणितात मागं आहे म्हणे. संध्याकाळी सरांकडं पाठवत जा. रिकामेच असतात ते."

बाप हात पुसत उभा राहिला. "काकू, आमी गरिबानं त्याचं काय द्यायचं?"

"द्यायचं काय त्यात? पोरगी द्या तासभर."

बापाला देवीनंच कौल दिल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तो मला सायकलवर सरांच्या दारात सोडायचा आणि तास संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहायचा. काकू म्हणायच्या, आत या. तो म्हणायचा, हितंच बरं वाटतं, वारं लागतं. वारं कुठलं, समोर भिंत होती.

सरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर फळा होता. पांढरं धोतर, खांद्यावर खडूची पूड, कोरीव नाक. मी उंबऱ्यात पाय ठेवला, की ते एकच विचारायचे, "काय अडलंय?" कशी आहेस नाही, ये बस नाही. काय अडलंय. आणि अडलेलं सांगितलं की त्यांचे डोळे असे उजळायचे, जणू मी गूळ-खोबरं आणलंय.

"आता सांग. दिलंय काय? मागितलंय काय? दिलेलं या तीरावर, मागितलेलं त्या तीरावर. मध्ये नदी. गणित म्हणजे नुसतं पलीकडं जाणं गं, भ्यायचं काय त्यात?"

विज्ञानही तेच शिकवायचे. आरशाचा धडा होता तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून पितळी पळी मागवली, लख्ख घासलेली. पळीच्या पोटात मला माझं तोंड उलटं दिसलं, पाठीवर सुलटं. मला हसू फुटलं. मग सरांनी पळी आपल्यासमोर धरली. बराच वेळ धरली.

"यात कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रतिमा, सर," मी टपकन म्हटलं. "वास्तव आणि उलटी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शाबास." पण ते थोडं उशिरा म्हणाले, आणि पळी त्यांनी फळ्याच्या कडेला उपडी ठेवून दिली.

गणिताचं असं व्हायचं. सर झपाझप लिहीत जायचे आणि मध्येच, 'म्हणून' या शब्दापाशी, खडू थांबायचा. खोलीत सगळं थांबायचं. मग आतून पीठ चाळण्याचा आवाज यायचा आणि चाळणीच्या ठेक्यावर काकूंचा बारीक सूर, "बाप चाळीसचा, लेक दहाची... बाप चाळीसचा, लेक दहाची..." सरांचा चेहरा सुटायचा. ते झरकन उत्तर लिहायचे, खाली दोन रेघा मारायचे. मी उतरवून घ्यायची.

रोज तेच उत्तर कसं, हे माझ्या मनात आलंच नाही. आमच्या घरी प्रत्येक गाणं कुठंही फिरून त्याच ओळीवर परत यायचं. गणितही येत असेल, असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी शाळेतून मी परस्पर सरांच्या घरी गेले. बापाची वाट पाहिली नाही. सर आत निजलेले होते. काकू परसात जास्वंदीखाली सुपात वाल सोलत बसल्या होत्या. मी वही त्यांच्यासमोर टाकली. लाल शाईनं भरलेली.

"तुम्ही मला खोटं उत्तर देता, काकू."

त्यांनी वहीकडं पाहिलं. वाचता त्यांना येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही. हातातला वाल तसाच.

"सारखं तेच. बापही चाळीसचा, आईही चाळीसची, कोंबड्यापण चाळीस! सगळा वर्ग हसला मला. का करता असं?"

"मला तेवढं एकच उत्तर येतं गं," काकू म्हणाल्या.

मला कळेना.

"लग्न होऊन आले तेव्हा हे माडीवर मुलांना शिकवायचे. मी जिन्याखाली धान्य निवडत बसायची. नव्या नवरीनं पुरुषांच्या खोलीत जायचं नाही. यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. तेव्हा हे गणित चाललं होतं. बाप लेकीच्या चौपट वयाचा, वीस वर्षांनी दुप्पट होणार, तर आज किती? सगळी मुलं एका सुरात ओरडायची, बाप चाळीसचा, लेक दहाची. तेवढं एक माझ्या डोक्यात बसलं. बाकी मला काही येत नाही."

"पण सरांना तर येतं!"

काकूंनी घराकडं पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आणला.

"सकाळी येतं. ऊन कलायला लागलं, की एकेक जायला लागतं. मागच्या श्रावणात घरातून निघाले आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तास आहे म्हणाले. शाळा सुटेस्तोवर उभे, आणि पोरं त्यांना वळसा घालून जातायत. मी हाताला धरून आणलं. त्या दिवसापासून फळा कोरा राहिला की ते भितात, भामा. भिंतीला हात लावून उभे राहतात. म्हणून तुला मागून आणली. तुझ्यावर उपकार करायला नाही आले मी."

मी उभीच होते. जास्वंदीवर मुंगळे चढत होते, तेवढं मला दिसत होतं.

"आमचा मुलगा हेमंत म्हणतो, औरंगाबादला घेऊन जातो. चौथ्या मजल्यावर राहतो तो. तिथं फळा कुठं लावू मी? आणि 'काय अडलंय' म्हणून यांनी कुणाला विचारायचं?"

"आणि माझं गणित, काकू?"

त्यांच्या हातातला वाल सुपात पडला.

बाप मला शोधत तालमीपासून सायकल दामटत आला होता. परतताना मी सायकलवर बसले नाही. दोघं चालत निघालो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी बी रोज ऐकत व्हतो, बाप चाळीसचा, लेक दहाची. मला वाटलं, ते धुरपदच हाय."

मला हसू आलं. त्यालाही आलं. दोघं रस्त्यात उभं राहून हसलो आणि मग एकदमच दोघांचंही हसू संपलं.

"सगरे सरांच्या पाया पडू का? तुला घेतील शिकवनीला," तो म्हणाला.

मी विचारलं, "बा, नाईक मधीच विसरला, तर झीलकरी त्याला शब्द सांगतो का?"

"छा! शब्द सांगितला की नाईकाचा पाणउतारा. माणसं काय म्हणतील? आपण धुरपद धरायचं. एकदा, दोनदा, चारदा. माणसांना वाटतं, गाणं रंगलंय. नाईकालाबी वाटतं, रंगलंय. तेवढ्यात त्याची वाट त्याला गावती."

"आन् न्हाईच गावली तर?"

बापानं सायकलचं हँडल घट्ट धरलं. "चल," तो म्हणाला, "आई वाट बघत असंल."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. सगरे सरांचे वीस पाय घेऊन गेले.

"काय अडलंय?"

"कोंबड्या-बकऱ्या अडल्यात, सर."

सरांनी उत्साहानं गणित फळ्यावर मांडलं. पन्नास डोकी, एकशेचाळीस पाय. आणि तिथंच खडू थांबला. आत चाळणी हलली, "बाप चाळी..."

"सर," मी मोठ्यानं म्हटलं, "दिलंय काय, मागितलंय काय?"

आतला सूर तुटला. सर माझ्याकडं वळले. ओळख नसलेली नजर. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझ्याही नकळत त्याला चाल लागली, आणि चालीमागून दुसरी ओळ आपली आपण आली,

"दिलंय काय नि मागितलंय काय,
मधल्या नदीला उतार कुठं हाय?"

सर खळखळून हसले. "उतार? पायी पार होण्याचा उतार असा शोधायचा. समज, सगळ्याच कोंबड्या आहेत. पाय किती?"

"शंभर."

"दिलेत किती?"

"एकशेचाळीस."

"मग वरचे चाळीस पाय कुणाचे?"

"बकऱ्यांचे! एकेकीचे दोन-दोन जास्तीचे. म्हणजे बकऱ्या वीस, सर! आणि कोंबड्या तीस!"

"पडताळा घे," सर म्हणाले. वाट सापडलेली असली, की पडताळ्याशिवाय ते कुठलंच उत्तर घरात घेत नसत.

बाहेर पायरीवर बापाचा पाय ठेका धरत होता. त्याला कोंबड्या-बकऱ्या कळल्या नसतील. उतार मिळाला एवढं कळलं असेल.

तो सगळा हिवाळा असा गेला. सर थांबायचे, मी धृपद धरायची. धृपद धरायचं म्हणजे दिलेलं पुन्हा बोलायचं, मागितलेलं पुन्हा बोलायचं. आणि ते इतक्यांदा बोलताना गणित माझ्या तोंडात भाकरीसारखं फुटायला लागलं. काही दिवस सर सरळ पलीकडं जायचे. काही दिवस मध्यापर्यंत. काही दिवस नुसते काठावर उभे राहायचे आणि मला 'शकू' म्हणायचे. शकू कोण, ते काकूंनाही माहीत नव्हतं. एकदा त्यांनी परावर्तनाचे नियम फळा सोडून भिंतीवर लिहिले, पार खिडकीपर्यंत, सुरेख अक्षरात. काकूंनी ते पुसले नाहीत. त्यांच्यावर कॅलेंडर टांगलं.

शिवरात्रीच्या सुमाराला हेमंतदादा आला. सरांसारखंच कोरीव नाक. वाईट माणूस नव्हता तो. आल्या आल्या त्यानं बापाला पायरीवरून उठवून बाहेरच खुर्ची दिली, बाप त्या खुर्चीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, "तू भामा का? आई सांगते, बाबा तुला शिकवतात. शिकवू दे. मी बसतो इथं." आणि तो फळ्यासमोरच्या खुर्चीत बसला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात चाळणी नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी खाली.

"काय अडलंय?" सरांनी विचारलं.

"वयाचं गणित, सर. वडलांचं वय मुलाच्या तिप्पट. सोळा वर्षांनी दुप्पट होणार. तर आज किती?"

हे गणित मी मुद्दाम निवडलं होतं. वयाचं गणित सरांच्या सगळ्यात जुन्या वाटेवरचं. मला वाटलं, पाय आपोआप पडतील.

सरांनी लिहिलं, मुलाचे वय = क्ष. खाली लिहिलं, वडिलांचे वय = . आणि थांबले.

मी हळूच धृपद धरलं. दिलंय काय नि मागितलंय काय. सर बरोबरीच्या त्या दोन रेघांकडं बघत होते. मी पुन्हा म्हटलं. दादा कधी माझ्याकडं, कधी बाबांकडं बघत होता. मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि चौथ्यांदा, आणि माझा आवाज बसायला लागला. सरांच्या हातून खडू खाली पडून दोन तुकडे झाले. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि त्यांना खुर्चीवरचा माणूस दिसला.

"यांचं काय अडलंय?" त्यांनी मला विचारलं.

"बाबा," दादा उठला. "बाबा, मी हेमंत."

"बसा, बसा," सर अदबीनं म्हणाले. "तास चालू आहे."

काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मी वाकून खडूचा तुकडा उचलला.

आजवर त्या फळ्याला मी हात लावला नव्हता. मी सरांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांनी सोडलेल्या बरोबरीच्या रेघांपुढं लिहिलं, तीन क्ष. "सोळा वर्षांनी मुलगा होईल क्ष अधिक सोळा. वडील तीन क्ष अधिक सोळा. ते त्याच्या दुप्पट." लिहीत गेले. मागं वळले नाही. सरांच्या तोंडाकडं न बघता मी पहिल्यांदाच गणित सोडवत होते. "म्हणून क्ष सोळा. मुलगा सोळाचा, वडील अठ्ठेचाळीसचे."

सर फळ्याजवळ सरकले. एकेक ओळ बोटानं वाचली.

"चाळीसचे नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत, सर. या गणितात नाहीत."

"पडताळा घे."

"सोळा वर्षांनी मुलगा बत्तीसचा. वडील चौसष्टचे. दुप्पट."

सरांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि उत्तराखाली आपल्या हातानं दोन रेघा ओढल्या. मग दादाकडं वळून म्हणाले, "बघितलंत? पोरगी तयार झाली."

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकू आत निघून गेल्या.

मी बाहेर आले तेव्हा आतलं बोलणं ऐकू येत होतं. काकू म्हणत होत्या, "पोरीची परीक्षा होऊ दे रे. मग ने. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी थांब."

"आई," दादाचा आवाज ओला होता, "तिला आता कुणाची गरज नाही. तू पाहिलंस ना? तिनं एकटीनं सोडवलं. आता इथं थांबायचं कुणासाठी?"

मी पायरीवरच बसले. माझ्या बोटांना खडू लागलेला होता. तो पुसावा की नाही, ते मला कळेना.

घरी जाताना बाप सायकल हातात धरूनच चालत होता. नाल्याजवळ आलो तेव्हा म्हणाला, "तुझा चुलता गेला, तो गोंधळात गेला. तुला म्हायती न्हाई. बार्शीच्या एका घरी, लगनाचा गोंधळ. मधीच थांबला. मी धुरपद धरलं. किती येळ धरलं, म्हायती न्हाई. तो खाली बसला तरी धरलं."

"मग?"

"मग पुढचं म्या म्हटलं. सगळं आख्यान. नवरा-नवरी बसलेली व्हती, दिवटी जळत व्हती. गोंधळ अर्धा ठेवायचा नसतो, भामे. संपवला, देवीची आरती केली, आन् मग त्याच्याकडं बघितलं."

त्या दिवशी 'न्हाईच गावली तर' याचं उत्तर त्यानं का दिलं नव्हतं, ते मला कळलं.

आठवड्यात सरांचं घर बंद झालं. फळा भिंतीलाच राहिला. परीक्षेला मी एकटी गेले. गणिताच्या पेपरात एक उदाहरण असं आलं, की वाचता वाचता माझ्या डोक्यातलं सगळं पुसून गेलं, पार कोरं. भिंतीला हात लावून उभं राहणं म्हणजे काय, ते तेव्हा मला समजलं. मी ओठ न हलवता धृपद म्हणत राहिले. पर्यवेक्षक दोनदा माझ्याजवळून गेले. मग कुठूनतरी पायाखाली दगड लागला, त्याच्या पुढं दुसरा.

जूनमध्ये निकाल लागला. मला गणित सुटलं होतं. मामा त्या दिवशी आमच्याकडं जेवला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बापानं इस्त्रीचा सदरा घातला. म्हणाला, "पेढे घे. आपल्याला औरंगाबादेस जायाचंय."

चौथा मजला. दार काकूंनी उघडलं. वाळल्या होत्या फार. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. सर खिडकीशी खुर्चीवर बसलेले होते, धोतराऐवजी लेंगा. खांद्यावर खडू नव्हता. भिंती कोऱ्या, पिवळ्या रंगाच्या.

मी पुढं झाले. पेढ्यांचा पुडा हातातच. सरांनी मला ओळखलं नाही. पण कुणीतरी उंबऱ्यातून आत आलंय, एवढं त्यांना कळलं, आणि त्यांचे डोळे थोडेसे, अगदी थोडेसे उजळले.

"काय अडलंय?"

मी पुडा मागं काकूंच्या हातात दिला आणि सरांच्या पायाशी फरशीवर बसले.

"गणित अडलंय, सर."

"असं? मग सांग. दिलंय काय? मागितलंय काय?"

ते थांबले. मी वाट पाहिली. पुढं काहीच नव्हतं. गणितच नव्हतं तर पुढं काय असणार? मी धृपद धरलं. सरांनी माझ्यामागून पुन्हा म्हटलं, दिलंय काय, मागितलंय काय. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. काकू पेढ्यांचा पुडा छातीशी धरून उभ्या होत्या.

आणि मग, कितव्या तरी वेळेला, मी दम घ्यायला थांबले तेव्हा सर एकटेच पुढं म्हणाले,

"मधल्या नदीला उतार कुठं हाय?"

त्यांनी ते गायलं नाही. विचारलं. आधी मला, मग काकूंना, मग माझ्या डोक्यावरून दाराकडं पाहून.

दारात बाप चपला हातात घेऊन उभा होता. इतकी वर्षं तो कुणाच्या उंबऱ्याच्या आत असा बोलावल्याशिवाय गेला नव्हता. त्यानं चपला बाहेर ठेवल्या, आत आला, माझ्या मागं, झीलकऱ्याच्या जागी, मांडी घालून बसला. तुणतुणं घरी खुंटीला होतं. त्यानं अंगठ्यानं तर्जनीवर हवेतलीच एक तार छेडली आणि दोन वर्षांचा गंजलेला आवाज मोकळा केला, "दिलंय काय नि मागितलंय काय..."

सरांनी मान डोलावली. हात उचलून, जिथं फळा असायला हवा होता तिथं, त्यांनी बोटानं एक रेघ ओढली. अलीकडचा काठ. मग बोट तिथंच थांबलं.

आम्ही धृपद धरून राहिलो.